हिरव्या कार्डाचं पाणी

पाणी शुद्ध आहे की नाही, हे पिऊन कळत नसतं. कागद बघून कळतं. चाकूर तालुक्यातल्या एका गावाला (नाव सांगितलं तर गाव रागावेल) शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड सलग चार वर्षं मिळालं होतं. पाचव्यांदा मिळालं की चंदेरी कार्ड, हार-तुरे आणि ग्रामपंचायतीत फोटो.

हे सारं जलसुरक्षक ग्यानोबांच्या काटेकोरपणाचं फळ. त्यांची कामं दोन. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायची आणि तपासणीला पाण्याचा नमुना द्यायचा. पावडर टाकली की चहाला दवाखान्याचा वास येतो, अशी गावाची एकमुखी तक्रार. म्हणून पावडरीचं पोतं त्यांनी न फोडता, कोरड्या जागी जपलं होतं. नमुना तर ते गावात भरतच नसत. एस्टीत हिंदकळून पाणी बिघडलं तर गावाची अब्रू जायची! तालुक्याला उतरायचं, प्रयोगशाळेसमोर शुद्ध पाण्याचे जार विकणाऱ्या मुनीबभाईकडून बाटली भरायची आणि रस्ता ओलांडायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात गावात एकेचाळीस जणांना जुलाब लागले. कारणं : बाहेरचं खाणं एकोणीस, ऊन तेरा, नजर आठ, आणि एक मास्तर नुसते घाबरून. (पाणी : शून्य. कार्ड हिरवं होतं.)

बेचाळिसावी निघाली ग्यानोबांची पाच वर्षांची नात, पुनम. आठ दिवसांत पोर वाळून काडी झाली.

"मामा, लेकरू डोळं उघडंना वो," सून सिंधु रडायलाच लागली.

डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? ग्यानोबांनी छाती फुगवून कार्ड दाखवलं. मग काय, डॉक्टरांनी पोरीची पाणीपुरी बंद केली. ती तिनं जन्मात खाल्ली नव्हती. वर मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. ते विहिरीचंच, न उकळता. कार्ड होतं ना!

अशातच नमुन्याची तारीख आली. ग्यानोबांनी नेहमीसारखीच बाटली भरली, नेहमीसारखाच रस्ता ओलांडला. तीन दिवसांनी निकाल आला : लाल कार्ड. पाण्यात विष्ठेचे जंतू.

गाव खवळलं. सरपंच माणिकप्पा म्हणाले, "चार वर्सं नमुना नीट देत व्हतास, आवंदा काय धाड भरली रं?"

ग्यानोबा तणतणत तालुक्याला गेले. "मुनीबभाई, जारमधी काय भरून ठिवलं व्हतं?"

"कसम से, मामा! माझा बोअर आटला. पंधरा दिस झालं, टँकरच मागवायलोय. तुमच्याच गावच्या इहिरीचा. म्हणलं, हिरवं कार्ड हाय, लई शुद्ध असंल."

ग्यानोबांनी खिशातलं लाल कार्ड काढून पुन्हा वाचलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरा नमुना दिला होता, तोही चुकून. आणि तेच पाणी ते स्वतःच्या हातानं नातीला पाजत होते.

त्याच संध्याकाळी पोतं फुटलं. घरात पाणी उकळायला लागलं. चौथ्या दिवशी पुनमनं भाकरी मागितली, तेव्हा म्हातारा ढसाढसा रडला.

पाचव्या दिवशी ग्रामसभा भरली. चहाला वास येतोय, ही तक्रार सर्वानुमते मान्य करून ग्यानोबांना काढलं. नव्या माणसासाठी पात्रता एकच ठेवली : नमुना नीट घेता आला पाहिजे.

हसलात ना? हसा की. ठसका लागला तर घोटभर पाणीही प्या. तुमच्या जारवर 'शुद्ध' असं छापलेलं आहेच. मुनीबभाईच्याही जारवर होतं.