विलासदादा आणि जपानी देव

विलासदादांना कुठलाच देव परका नाही. देऊळ दिसलं की चपला काढून आत, आणि देवाशी मोठ्याने मराठीत गप्पा. कोणी वळून बघितलंच तर म्हणणार, "नो वरीज मेट, देव आपलाच आहे."

आम्ही दोघे ऑस्ट्रेलियातल्या कॅसल हिलचे, एकाच ऑफिसातले. कामासाठी जपानला गेलो, तर शनिवारी दादांनी मला क्योतोजवळच्या एका जुन्या शिंतो देवस्थानात ओढत नेलं. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून तिथे पूर्वापार लोक येतात. दादांची लेक पल्लवी लग्न होऊन तिकडेच, पण लांब क्लेटनला असते. तिला सातवा लागला होता, पण ते दादांना कळलं माझ्या बायकोकडून, कारण लेक बापाशी बोलतच नाही. मागे तिच्या ऑस्ट्रेलियन सासरी बार्बेक्यूला दादांनी सगळ्यांना सॉसेजच्या प्लेटी घेऊन उभं केलं आणि खड्या आवाजात जेवणाआधीचे श्लोक म्हटले. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून अबोला.

देवळाच्या दाराशी दगडी हौद होता, त्यावर बांबूच्या पळ्या. हात धुवायचे, चूळ भरायची, बाजूला टाकायची. मी हे समजावेपर्यंत दादांनी तीर्थ म्हणून पाणी पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवलासुद्धा! पुढे देवासमोर दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवायच्या, तर यांनी चक्क आरतीचा ठेका धरला. मागची रांग अवाक. मग प्रदक्षिणा हवीच! आत जाऊ नये म्हणून बांधलेला दोर ओलांडून स्वारी थेट गाभाऱ्यामागे.

पांढऱ्या झग्यातले पुजारी धावत आले. दादांना बाहेर आणून त्यांनी मला अदबीने इंग्रजीत विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

"नो," मी म्हणालो आणि झाडं बघायला लागलो.

दादांनी पलीकडच्या ताईत विकायच्या खिडकीवर जाऊन एक छोटासा ताईत घेतला, गरोदर बाईने जवळ ठेवायचा असतो तो, आणि माझ्या हातात दिला.

"पल्लवीला दे. तुझ्याकडून म्हण."

"अहो, तुम्हीच द्या ना."

"अरे, चारचौघांत माझी ओळख द्यायची तुलासुद्धा लाज वाटली. मग तिचं काय चुकलं?"

रागावले असते तर परवडलं असतं. ते मनापासून विचारत होते. मला माझीच इतकी शरम वाटली की वर बघवेना. ताईत मी त्यांच्याच खिशात कोंबला.

"तुम्हीच द्यायचा. क्लेटनला मी येतो तुमच्याबरोबर."

दादांनी खिशावर हात ठेवला.

"तिने दार नाही उघडलं तर?"