लसूण घातलेला युरिया

बेंबळीचा बब्रुवान सकाळी मिशीला पीळ द्यायचा, चहा प्यायचा आणि मग बायकोशी वाद घालायचा. यंदा वादाला विषय मिळाला खताचा. द्वारकाबाई बचत गटातून जीवामृत शिकून आली होती: ड्रमभर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन.

"बेसनाची भजी करत्यात, शेती न्हाय," बब्रुवान म्हणाला. "युरिया तो युरिया!"

शेवटी जवारीचं रान मधोमध वाटलं. अर्ध्यात त्याचा युरिया, अर्ध्यात तिचं जीवामृत. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, जळकोटचे व्याही माणिकप्पा रानात जेवायला येणार. ते ज्याची जवारी भारी म्हणतील, त्याच्या मतानं पुढच्या साली सगळं रान. बब्रुवानानं गावभर ही पैज सांगितली होती. त्यामुळं आता मिशीच पणाला लागली.

आणि नेमकी तिचीच जवारी अशी काळीभोर उठली की बब्रुवानाला घास गोड लागेना. मग तो गुपचूप ड्रममधून बिंदगी, म्हणजे छोटी घागर, भरून आपल्या जवारीला घालू लागला. (याला चोरी म्हणू नये. ड्रम घरचा, गाय घरची, चोरही घरचाच.)

येळवशीच्या सकाळी त्याला असं पडसं झालं होतं की नाकाशी हिंगाची डबी धरली तरी कळली नसती. रानात पोचतो तर ड्रमाशेजारी बिंदगी भरलेलीच! देव पावला म्हणून त्यानं फडकं सोडलं, ती जवारीच्या बुडाशी रिती केली आणि फडकं बांधून जागच्या जागी ठेवली.

दुपारी माणिकप्पांनी रान पाहिलं. "इवाई, खरं सांगू? तुमची बाजू लई भारी!"

बब्रुवानाची छाती फुगली.

"ठरलं मग," द्वारकाबाई शांतपणे म्हणाली. "उद्याच ड्रम इकून टाकते."

फुगलेली छाती तिथंच बसली. ड्रम गेला तर पुढच्या साली जवारीला घालायचं काय?

पंगत बसली. मिसळीच्या भाज्यांची भज्जी आली, बाजरीचे उंडे आले. द्वारकाबाईनं लसूण-कोथिंबीर घातलेल्या, ताकातल्या आंबिलीच्या बिंदगीचं फडकं सोडलं आणि ती ओरडलीच, "अगं बया! आंबिल कुठं गेली?"

तेवढ्यात हात धुवायला गेलेले माणिकप्पा पाय झटकत आले. "इवाई, तुमच्या जवारीच्या बुडाला लसूण-कोथिंबीर कशी वो?"

"म्या... शिवार शिंपलं. येळवस हाय न्हवं?"

"शिवारात आंबिल डहाळीनं शिंपत्यात," द्वारकाबाई म्हणाली. "आख्खी बिंदगी कोण पाजतं?"

बब्रुवानानं सगळं कबूल केलं. "पर ड्रम तेवढा इकू नगं!"

द्वारकाबाईला हसू आवरेना. "कळत व्हतं मला. म्हणूनच तर महिनाभर दुप्पट गूळ घालत व्हते. 'घाला' म्हणून सांगितलं असतं, तर घातलं असतं का तुमी?"

माणिकप्पा हसता हसता मागं कलंडले. त्या दिवशी पंगत पाण्यावर जेवली, पण इतकी आनंदात की शेजारचे बघायला आले.

आता सगळं रान जीवामृतावर आहे आणि ड्रम ढवळतो बब्रुवान. मिशी तशीच आहे. फक्त पारावर त्याला खत कुठलं म्हणून कुणी विचारत नाही. "बब्रुवान," म्हणतात, "एकरी लसूण किती लागतो?"