एकशे सतरा कलमी गाडी

या मंडळी, पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनीही उठा, टेकलेल्या माणसाला गोष्ट नीट ऐकू येत नाही. आज एका पुण्यवान गाडीची कथा सांगतो. गाडी अशी की तिच्यात दोष शोधून सापडणार नाही, आणि मालक असा की तो रोज शोधत असे.

मुळात एक गंभीर सत्य ध्यानात घ्यावं. माणूस प्रवासात जितका असतो त्याहून जास्त तो निघण्याच्या तयारीत असतो. आणि ही तयारी ज्याला निर्दोष साधली, त्याला पुढचा प्रवास बहुधा करावा लागत नाही.

आमचे तपासनीस अशा थोरांपैकी. एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं सुरक्षा तपासली. त्यांच्या काळात कारखान्यात एकही अपघात झाला नाही. (शेवटची चार वर्षं कारखाना बंद होता, पण नोंद अखंड आहे.) निवृत्तीनंतर हे सगळं ज्ञान एका निळ्या, चार दारांच्या गाडीच्या वाट्याला आलं.

त्या उन्हाळ्यात प्रवास ठरला तो तपासनीसबाईंच्या थोरल्या बहिणीकडे. ताई पाच तासांवर, तळ्याकाठी एका खोलीत राहायच्या. जागा लहान, म्हणून अंगणात तंबू ठोकून आठ दिवस राहायचं असा बेत. ताईंची दृष्टी हळूहळू जात होती.

"अहो, डॉक्टर म्हणालेत, हा उन्हाळा आहे तिच्या डोळ्यांत. पुढचं काही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "तिला एकदा माझं तोंड बघायचंय."

"म्हणूनच तर," तपासनीस म्हणाले. "अशा वेळी गाडी वाटेत बंद पडून कसं चालेल?"

या युक्तिवादात तुम्हाला खोट काढता येते का बघा. मला आली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी 'उन्हाळी प्रवास व मुक्कामपूर्व तपासणी' नावाची वही आखली. तिच्यात इंजिन ऑइल, कूलंट, पट्टे, ब्रेक, चारही टायरांची हवा, स्टेपनी, जॅक, वायपर (पाऊस नाही म्हणून वायपर नको असं म्हणणारे लोक समाजात आहेत, हे खेदाने नमूद केलेलं), तंबूचे खांब, खुंट्या, स्टोव्ह, कंदील, दोर, जादा दोर, आणि जादा दोर सापडला नाही तर वापरायचा दोर. एकूण कलमं एकशे सतरा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. शिवाय कारखान्यातला सोन्यासारखा नियम: तपासणी फक्त चोवीस तास ग्राह्य. त्यापुढे ती शिळी, पुन्हा करावी.

आता शांतपणे आकडेमोड करू. एकशे सतरा कलमांना सव्वाएकोणतीस तास लागतात. म्हणजे शहाण्णवावं कलम संपतं न संपतं, तोच पहिलं शिळं होतं. (झोप, जेवण आणि आंघोळ यात धरलेली नाही. ती धरली तर चित्र अधिक निराशाजनक होतं.) थोडक्यात, गाडी रोज तयार होत होती आणि रोज नापास होत होती. असं काटेकोर काम हल्ली कुठे बघायला मिळतं?

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला एकदा बोलावलं होतं. त्याने वीस मिनिटांत बॉनेट उघडलं, वाकून ऐकलं, बंद केलं.

"ठणठणीत आहे, साहेब. हिला काही झालंच तर उभी राहून होईल."

"लेखी देतोस?"

"जाऊन या, मग देतो."

तपासनीसांनी वहीत लिहिलं: 'मेकॅनिक बेजबाबदार.'

तीन आठवड्यांचा अहवाल असा. तंबू गच्चीवर उभारला चौदा वेळा, त्यात एक खांब तपासणीदरम्यान मोडला (तपासणीचं महत्त्व यातून सिद्ध होतं). स्टोव्हचे दोन सिलिंडर पेटवून पाहण्यात संपले. हेडलाइट रोज लावून पाहिल्याने बॅटरी उतरली, ती बदलली, आणि नवी बॅटरी आल्यामुळे तपासणी पहिल्या कलमापासून. गाडी धावली एकूण साठ मीटर, तीस पुढे, तीस मागे. गल्लीतल्या आठ जणांनी वहीची नक्कल मागून नेली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एकाही गाडीला बाहेरगावी अपघात झाला नाही.

ताईंचा दर रविवारी फोन यायचा. पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, "समोरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसत नाहीत आता, नुसतं हिरवं दिसतं." दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "झाड आहे एवढं कळतं." तिसऱ्या रविवारी झाडाचा विषयच निघाला नाही.

फोन ठेवून बाई खाली आल्या. तपासनीस गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. बाईंनी पायांना विचारलं, "अहो, तुमच्या त्या वहीत मी आहे का कुठे?"

"आहेस की. एकशे चौदा. प्रवासी, एक, वजनासह."

"आणि तुम्ही कितव्यावर पोहोचलात?"

"आज एकसष्ट. मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते."

बाई वर गेल्या. एका पिशवीत दोन साड्या आणि ताईंच्या आवडीचं तेल घातलं, आणि सकाळी सातच्या बसने निघून गेल्या. यादी केली नाही.

दुपारी फोन आला. "पोहोचले हो. ड्रायव्हरने टायरला एक लाथ मारली नि निघालोच."

तपासनीसांना घाम फुटला. "हवा बघितली नाही?"

"नाही. ताईने मला बघितलं. समोरून दिसत नाही तिला, पण डावीकडून, खिडकीजवळ उभं राहिलं की दिसतं. आल्यापासून खिडकीतच उभी आहे मी. केस किती पांढरे झाले म्हणते." मग म्हणाल्या, "तुम्हालाही विचारत होती. या ना बसने. अजून आठ-दहा दिवस दिसेल म्हणतात."

तपासनीसांनी फोन ठेवला. त्यांच्या मनात माया नव्हती असं कुणी म्हणू नये. डोळे भरले होते, मी पाहिलेत. चष्मा पुसून ते बसले, वही उघडली आणि लिहिलं: 'प्रवासी एकाने कमी. भार बदलला. टायरांची हवा नव्याने ठरवावी. कलम एकपासून.'

हसलात? हसा. पण त्या माणसाकडे निदान वही होती, न निघण्याचं एकेक कारण लिहिलेली. तुम्हीआम्ही तर वहीशिवायच कुणाकुणाकडे जायचे राहिलो आहोत, आणि आपलं वाहन कधीचं तयार आहे. तेव्हा देवाच्या दारात बसलाच आहात तर एवढं करा, आज त्या ताईंची आठवण ठेवा. आणि ताई म्हटल्यावर आत्ता तुमच्या डोळ्यांपुढे दुसराच कुणाचा तरी चेहरा आला ना, त्याचीही.