वाढ विभागातली गोठवलेली खुर्ची

पुढची हकीकत कोणालाही खरी वाटणार नाही, ही हमी आधीच दिलेली बरी. वाटलीच, तर तो सांगणाऱ्याचा कमीपणा समजावा.

जगात काहीही सुरू करणं सोपं असतं. बंद करणं महाकर्मकठीण. मग ती समिती असो, खातं असो की शरीर. या सत्याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे माणसाच्या पेशीतला वाढ विभाग. त्याचं कामकाज अण्णांनी कर्करोगाच्या दवाखान्यात, बाकांवर ताटकळत बसलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. अण्णा एका मोठ्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जन्मभर बसलेले. त्यांच्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली, तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला होता, "हिला मंजुरी कोणी दिली?"

आज त्याच गाठीच्या फेरतपासणीचा निकाल होता. भीती वाटली की अण्णांची जीभ सैल सुटते. आज ती चौखूर उधळली होती.

"पेशीच्या दारावर एक दारवान असतो," अण्णा म्हणाले. "बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की तो आतल्या कारकुनाला कोपराने ढोसतो. तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. असं ढोसत ढोसत प्रकरण गाभ्यातल्या साहेबांपर्यंत जातं. साहेब सही ठोकतात. झाल्या एकीच्या दोन पेशी!"

(सही करण्यापूर्वी साहेब वाचत नाहीत. वाचून सही करणारा साहेब अद्याप कोणत्याही खात्यात आढळलेला नाही.)

निरोप संपला की दारवानाने झोपायचं, असा नियम आहे. निरोगी शरीर म्हणजे दुसरं काही नाही, वेळच्या वेळी झोपणारा कर्मचारीवर्ग. अण्णांच्या दारवानाची मात्र झोपच उडाली. बाहेर चिटपाखरू नसताना तो आपला आतल्यांना ढोसतोच आहे: वाढा, वाढा, वाढा! रजा नाही, चहा नाही, कुरकुर नाही आणि आज इथे तर उद्या तिथे नवी शाखा. दुसऱ्या कुठल्या खात्याने एवढं काम केलं असतं, तर खातेप्रमुखाच्या गळ्यात हार पडला असता. शरीर त्याला रोग म्हणतं. कृतघ्नपणा म्हणतात तो हाच.

"मग यावर उपाय?" गळ्याला पट्टी बांधलेल्या टॅक्सीवाल्याने विचारलं.

"गोळी! रोज सकाळी एक. ती दारवानाला मारत नाही हो, नुसती त्याच्या खुर्चीत जाऊन बसते. खुर्ची गेल्यावर कोण कोणाला ढोसतंय?"

इथवरचं सगळं डॉक्टरीणबाईंचंच होतं. अण्णांनी फक्त फर्निचर पुरवलं होतं. गोळी लागूही पडली होती. पहिल्या तपासणीत लिंबाचं बोर झालं. पण कातडीच्या पेशींनाही असलेच दारवान असतात आणि गोळी काही ओळखपत्र बघून बसत नाही. अण्णांच्या दोन्ही गालांवर सोळाव्या वर्षीचे मुरूम उगवले. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढं तारुण्य दिसलं नव्हतं!" डॉक्टरीणबाई मात्र खूश. पुरळ म्हणजे गोळी कामावर असल्याची खूण, असं त्यांचं म्हणणं.

"पण गाठही बिलंदर," अण्णा पुढे सरकले. "पुढचं दार बंद झालं की मागच्या जिन्याने कागद वर चढवते. मी तर छातीला कान लावून पावलं ऐकली आहेत."

"स्वतःच्याच छातीला? कान पोचतो कसा?" टॅक्सीवाला म्हणाला.

"सरावाने. तर मी आतल्या आत दम भरला. म्हटलं, एकेकाची चौकशी लावीन! तशा सगळ्या पेशी शरण आल्या. दारवानाचं पद मी कायमचं गोठवलं. आता सांगा, एकदा गोठवलेलं पद रोज सकाळी उठून पुन्हा गोठवायचं, असं कुठल्या नियमात लिहिलंय? हे बघा गाल. लोणी!"

गाल खरोखरच लोण्यासारखे होते. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकाबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे गोळ्या बंद केल्यात?"

"छे हो! नियमित."

('औषध नियमित घेतो' असं शंभरातले एकशे दोन रुग्ण सांगतात. वरचे दोन शेजाऱ्याच्या वतीने बोलतात.)

शेजारी पिशवीत कागद लावत बसलेल्या काकूंचे हात थांबले. रोज सकाळी गोळी त्याच तर नवऱ्याच्या तळहातावर ठेवत होत्या. पाण्याचा पेलाही त्याच देत होत्या. नवरा घोट घेऊन मान मागे टाकायचा आणि तडक मोरीकडे चूळ भरायला जायचा. काकूंना त्यात स्वच्छता दिसली होती.

त्यांनी अण्णांच्या गालावरून बोट फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूने.

तेवढ्यात आतून अण्णांना हाक आली. अण्णा उठले. चेहऱ्यावर निवृत्त अधिकाऱ्याचं हसू होतं.

"खोटं!" काकू एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की नर्सबाई दारातच थबकल्या. "साफ खोटं! गोळी खुर्चीत असती तर हे गाल असे असते? अहो, ती रोज उठून जाते, म्हणून तर रोज नवी बसवायची! जिभेखाली धरता ना? आ करा. आ करा म्हणते ना!"

अण्णांनी आ केला नाही. हळूच म्हणाले, "आरशात बघवत नव्हतं गं."

"मला बघवत होतं," काकू म्हणाल्या आणि त्यांचं मनगट धरलं. "चला आत. हे डॉक्टरीणबाईंना तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

सगळे बाक खो खो हसले. काकू दारातून मागे वळल्या.

"हसताय काय? बरं वाटल्यावर औषध अर्ध्यावर सोडलं नाही, असा एक जण हात वर करा बघू!"

(वाचकांपैकी कोणी हात वर केला असल्यास, त्यांनी आधी जीभ उचलून दाखवावी.)