मिस्त्रीले झोपू द्या

पट्टा पुन्हा उतरला आणि आठही रेचे एकदम गप्प झाले. अकोल्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीत कापसातून सरकी काढणारे आठ रेचे एकाच लांब दांड्यावर चालत. इंजिनाचा पट्टा दांड्याचं मोठं चाक फिरवी, दांडा फिरला की आठही जण फिरत. एकत्र कुटुंबाचा कारभार. कर्ता आडवा झाला की सगळ्यांची चूल बंद.

धर्मपाल मिस्त्रीने कपाळाला हात लावला, तेव्हा हातावरचं ग्रीस तेवढं कपाळावर आलं. नांदगाव पेठेहून बायको ललिता आणि लेकीला घेऊन तो याच हंगामात इथे आला होता. नोकरी कच्ची. मॅनेजर मोरोपंतांनी सांगून टाकलं होतं की शनिवारी शेटजी येताहेत, त्यांच्यादेखत पट्टा उतरला तर नागपूरहून दुसरा मिस्त्री येईल आणि धर्मपालने गावची गाडी धरावी. गावात दुसऱ्याच्या शेतात निंदण वाट पाहतच होतं.

दोष सापडत नव्हता असं नाही. दोष रोज सापडत होता, फक्त रोज वेगळा. पहिल्यांदा पट्टा खरोखरच सैल होता, तो त्याने आखूड केला. मग चाक वाकडं वाटलं. ओळंबा धरला तर चाक त्याच्यापेक्षा सरळ. मग इंजिन खोललं. मग रेचे सोडवून एकेक जोडत गेला. एक चालला, दोन चालले, चार चालले, आठही चालले, आणि दिवस मावळेपर्यंत चालत राहिले. मोरोपंतांनी समाधानाने पान लावलं. दुसऱ्या सकाळी भोंगा झाला, इंजिन सुरू झालं, आणि पट्टा खाली. घरी त्याला घास उतरेना. ललिता म्हणाली, "तुमी भाकरीकडं असे पाहून राहिले, जसा तिचाच पट्टा उतरला."

शेवटी गुरुवारी तो भोंग्याच्या आधीच येऊन कापसाच्या ढिगाआड बसला. थोड्या वेळाने बायांची मुकादम दुर्गाबाई आली. तिने पायातल्या वहाणा काढल्या, चाकाला हात जोडले, आणि वाटीतलं तेल-शेंदूर चाकाच्या अख्ख्या धावेवर, बरोबर पट्टा बसतो तिथे, लेकराला न्हाऊ घालावं तशा मायेने चोपडलं. "मारुतीराया," ती म्हणत होती, "काल दिवसभर चालला, आजबी चाल रे बाप्पा."

ढिगाआड धर्मपालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाकावरचा शेंदूर त्याने रोज पाहिला होता, पण शेंदूर कोणत्या यंत्राला नसतो? दुरुस्ती करताना तो चाक पुसून कोरडं करी, म्हणून रेचे चालत. रेचे चालले की दुर्गाबाई उपकार मानून तेल लावी, म्हणून पट्टा घसरे. पट्टा घसरला की तो पुन्हा पुसे. त्याची दुरुस्ती आणि तिची भक्ती, दोन्ही अगदी सुरळीत चालली होती. बंद होते ते फक्त रेचे.

मोरोपंतांनी हे सगळं ऐकून डोळे मिटून घेतले. "मी सांगू तिला? अरे, एकूणएक बाया घरी निघून जातील. आमच्याकडेसुद्धा शनिवारी मारुतीला तेल जातं. तूच सांग."

"मी सांगतलं तर काय होईन, साहेब?"

मोरोपंतांनी पानाचा डबा पुढे ओढला. धर्मपालने दोन वर्षांपूर्वी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, हे सगळ्या फॅक्टरीला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून 'देवाचं तेल पुसा' निघालं की पुढे काय ऐकावं लागेल, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी तो दुर्गाबाईसमोर उभा राहिला. घर्षण म्हणजे काय, तेलाने ते कसं जातं, सगळं मनात घोकून आला होता. पण ती आधीच बोलली. "मिस्त्री, लय सुकले तुमी. म्या रोज तेल लावून राहिली ना तुमच्यासाठी. नोकरी नाई जात तुमची."

घोकलेलं सगळं बाजूला राहिलं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"बाई, रात्री मारुती माह्या सपनात आला."

"तुमच्या?"

"मलेबी नवल वाटलं. म्हने, या चाकावर मले गरगरते. तिकडं खांबावर बसव."

दुर्गाबाईने चाकाकडे बघत बराच विचार केला. डोंगर घेऊन गेलेल्या देवाला गरगरावं, हे तिला पटेना. मग तिचं तिनेच सोडवलं. "तवा तो सरळ गेला होता ना. इथं नुसताच गोल गोल. गरगरनच." आणि स्वतःच्या पदराने तिने चाक इतकं कोरडं पुसलं, की धर्मपालला तसं कधी जमलं नव्हतं.

शनिवारी शेटजी आले, आठही रेचे पाहिले, मोरोपंतांची पाठ थोपटली आणि मिस्त्रीची नोकरी पक्की करून गेले. पट्टा जाग्यावर राहिला. दुर्गाबाईची जीभ राहिली नाही. सोमवारपर्यंत गोष्ट जठारपेठेच्या नळावर पोचली आणि तिथून भरलेल्या घागरीबरोबर ललिताच्या घरात आली.

"बाया मले इचारतेत, तुमच्या घरी मारुती येते म्हने. आपून दीक्षा घेतली अन् तुमी त्याले सपनात काहून घेतलं?"

"मी कुठं घेतलं? तो आलाच नाई."

"मंग लबाड बोलले?"

देव आला असता तर एक पंचाईत होती, न आल्याची ही दुसरी. त्या दिवशी भाकरी त्याने हाताने वाढून घेतली.

पुढच्या पंधरवड्यात शेटजींची अमरावतीची फॅक्टरी अडली. धर्मपालला न्यायला खास जीप आली. जीप फाटकात शिरते न शिरते तोच त्याने आवाज ओळखला. बेअरिंग कोरडं पडून किंचाळत होतं. कुपीभर तेल घातलं की संपलं. तो उडी मारून उतरला. तिथला मॅनेजर गोवर्धन पुढे झाला आणि त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी त्याने अदबीने काढून घेतली.

इंजिनाच्या खोलीत नवी खाट टाकली होती. वर धुतलेली चादर होती.

"आता तुमी झोपा," गोवर्धन म्हणाला.

"अवो, बेअरिंग कोरडं हाय. तेलाची कुपी द्या फक्त."

"हत्यार कायले? शेटजींचा निरोप हाय, मिस्त्रीले पयले झोपू द्या. कोनी मंधात बोलनार नाई. इंजिन तेवढं चालू ठेवलं, सपनात मारुतीले नीट ऐकू आलं पाहिजे."

बाहेर मजूर पायरीवर हात जोडून बसले होते. कोणी खोकलं तर बाकीचे दटावत. धर्मपाल आडवा झाला. तेलाची कुपी समोरच्या फळीवर दिसत होती. जरा वेळाने त्याने हळूच मान उचलली, तर दाराच्या फटीतून गोवर्धनचा आवाज आला. "एवढ्यात नाई, मिस्त्री. घाई करू नका."

नोकरी पक्की झाली होती. आता कोणी काम करू दिलं म्हणजे मिळवली. धर्मपालने चादर डोक्यावरून ओढून घेतली, आणि कानाशी बेअरिंग किंचाळत असताना तो अगदी मनापासून झोपायचा प्रयत्न करू लागला.