मध्यम प्रतीच्या संगणकाची रीतसर निवड

माणसाची खरी ओळख तो काय विकत घेतो यावरून होत नाही, ते घेण्याआधी किती जणांना विचारतो यावरून होते. हे तत्त्व ज्यांना मान्य नाही असे लोक दुकानात जातात, वस्तू घेतात, घरी येतात आणि सरळ वापरायला लागतात. अशांच्या हातून आजवर एकही तुलनात्मक तक्ता तयार झालेला नाही.

काटेकोर त्यांच्यातला नव्हता. काटेकोर हे त्याचं नाव नव्हे. तो वीज कार्यालयात मीटर तपासनीस होता आणि एकाच मीटरचा आकडा तीनदा वाचून चौथ्यांदा सहकाऱ्याकडून वाचून घ्यायचा, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं. ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला नव्हता, पण त्याने ते पदवी समजून स्वीकारलं. (बऱ्याच पदव्या अशाच मिळतात.)

त्याला एक धाकटा भाऊ होता. तो दूरच्या शहरात, इस्पितळात एक्स-रे काढायचा. दोघांत सहा वर्षं अबोला होता. आजारी वडिलांनी कोणाकडे राहायचं यावरून भांडण झालं आणि तीन आठवड्यांत वडील गेले. भांडणाचा विषय संपला; भांडण मात्र चालू राहिलं. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही, हे वळण दोघांना वडिलांनीच लावलं होतं.

एका रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला.

"दादा, तू अजून गेम खेळतोस का?"

"कशाला?"

"एक पाणबुडीचा गेम आहे. दोघांनी मिळून चालवायची. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने नकाशा बघायचा. लहानपणी एका कीबोर्डवर गाडी चालवायचो ना, तसं. मी इथून, तू तिथून. रविवारी तासभर."

"माझ्याकडे तसा कॉम्प्युटर नाही."

"मग घे की एखादा साधासा."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, तेव्हा काटेकोर "धाकट्याचा होता" एवढंच म्हणाला आणि तहान नसताना लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायला. सहा वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. हलक्या मनाने माणूस चुका करतो, हे ठाऊक असल्यामुळे त्याने लगेच कागद घेऊन रकाने आखले.

साठ हजारांची तरतूद मंजूर झाली. मंजूर करणारा आणि मागणारा एकच असल्याने फाईल अडली नाही. तयार कॉम्प्युटर घेणारा माणूस फसतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. सुटे भाग घेणारा आठ वेळा फसू शकतो, हे मात्र कोणी सांगितलं नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय, कूलर आणि या सगळ्यांना कोंबायचा डबा. डब्याला एका बाजूने काच असते, म्हणजे आपले पैसे कुठे गेले ते बसल्या जागी दिसतं.

मार्गदर्शनासाठी तो फोनवरच्या 'हुशार खरेदी' नावाच्या मंडळात सामील झाला. मंडळाची स्थिती पुढीलप्रमाणे होती: एकूण सभासद चार हजार दोनशे, पैकी इतरांना मूर्ख समजणारे चार हजार दोनशे, प्रत्यक्ष गेम खेळणारे, माहिती उपलब्ध नाही. काटेकोरने पहिली यादी टाकली आणि दोन मिनिटांत 'जुना खेळाडू' या टोपणनावाच्या तज्ज्ञाने निकाल दिला, "बॉटलनेक होईल."

बॉटलनेक म्हणजे एका जुवाला घोडा आणि गाढव जुंपणे. कार्ड जोरात पळतं, प्रोसेसर मागे राहतो. काटेकोरने वरचा प्रोसेसर धरला, तर आता कार्ड गाढव ठरलं. वरचं कार्ड धरलं, तर पॉवर सप्लाय अपुरा पडला. तो वाढवला, तर डबा लहान झाला. डबा वाढवला, तर आत एवढी मोकळी जागा पाहून पुन्हा कार्डाचा विषय निघाला. शास्त्रात याला समतोल म्हणतात. घरात याला नाद म्हणतात.

प्रत्येक पायरी फक्त तीन हजारांची होती. असं 'फक्त' अकरा वेळा झालं आणि साठाचे त्र्याण्णव झाले. पण तरतूद ओलांडल्यासारखं त्याला एकदाही वाटलं नाही, कारण प्रत्येक वेळी तो तीन हजारांनीच ओलांडत होता. तक्त्याच्या मथळ्यावर 'मध्यम प्रत' हे शब्द शेवटपर्यंत कायम होते.

मधल्या काळात तो दुकानातही जाऊन आला. छतापर्यंत खोकी रचलेल्या त्या अरुंद दुकानात दुकानदाराने विचारलं, "साहेब, खेळणार काय?"

"पाणबुडी."

"ती होय. ती तर माझ्या बिलं करायच्या मशीनवरही चालते." आणि त्याने ती चालवून दाखवली. पाणबुडी निमूटपणे पाण्याखाली गेली, वर आली.

काटेकोर तडक बाहेर पडला. स्वस्तातला माल खपवायला बघणाऱ्या दुकानदारात काहीतरी खोट असणार, हे त्याच्या अनुभवी नजरेने ओळखलं. मंडळानेही त्याला दुजोरा दिला.

धाकटा अधूनमधून विचारायचा, "घेतलास का?" काटेकोर कळवायचा की तीन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय. तीन महिन्यांनी नवीन मॉडेल आलं आणि सोबत, आणखी तीन महिन्यांनी त्याहून नवीन येणार असल्याची बातमी आली. अशा परिस्थितीत खरेदी करणं हा निव्वळ उतावळेपणा ठरला असता.

एकदा बायको म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर येईल तेव्हा येईल. तोवर भाऊजींना नुसता फोन करा ना."

"फोनवर काय बोलू?" काटेकोर म्हणाला.

ती स्वयंपाकघरात निघून गेली. तो तक्त्याकडे बघत राहिला. त्या दिवशी प्रथमच त्याला सगळे आकडे नुसते आकडे दिसले. पण ही अवस्था चार-पाच मिनिटंच टिकली, कारण तेवढ्यात 'जुना खेळाडू'ने रॅमच्या वेगाविषयी महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केला.

चौदाव्या महिन्यात संगणक आला. दुकानदार तासाभरात जोडून देत होता. काटेकोरने घरी नऊ तासांत जोडला. दोन स्क्रू उरले. (तज्ज्ञांच्या मते उरतातच.) बटण दाबल्यावर काचेच्या आत निळा दिवा लागला, आणि त्याने ऊर भरून धाकट्याला फोन लावला.

"झाला तयार. बसायचं का आज?"

"दादा, मी माझं मशीन विकलं. रविवारची ड्युटी लागली ना मला. आत्ताही कामावरच आहे. तुला कळवलं होतं."

काटेकोरने मागचे निरोप उघडले. चार महिन्यांपूर्वीचा निरोप तिथे होता: 'दादा, रविवारी आता जमणार नाही. मशीन काढून टाकतोय. बाकी तू बरा आहेस ना?' खाली त्याचंच उत्तर होतं: 'हो. साडेसहाशे वॅट पुरेल की साडेसातशे घेऊ?'

"चांगला चालतो का?" धाकट्याने विचारलं. तो पहिल्यापासूनच समजूतदार होता.

"एकशे चव्वेचाळीस."

"काय एकशे चव्वेचाळीस?"

"सेकंदाला चित्रं."

"अरे वा." मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "पुढेमागे घ्यायचा झाला तर मी कोणता घेऊ, सांग मला."

इथे खरं तर 'ते राहू दे, तू कसा आहेस' असं म्हणायला भरपूर जागा होती. शब्द काटेकोरच्या जिभेवर आलेही होते. पण ते बोलायची सवय नव्हती आणि दुसऱ्या विषयाचा चौदा महिन्यांचा सराव होता.

"बजेट किती?" त्याने विचारलं.

त्या आठवड्यात त्याने रजा काढून धाकट्यासाठी अकरा पानी तक्ता तयार केला, टिपांसह. पाठवला. धाकट्याने 'थँक्यू दादा' असं कळवलं. त्यानंतर फोन आला नाही. काटेकोरने पाणबुडीचा गेम एकदा उघडला. दुसऱ्या खलाशाची वाट बघावी की संगणकच नेमावा, असं पडद्यावर विचारलं गेलं. त्याने कोपऱ्यात एकशे चव्वेचाळीस आल्याची तीनदा खात्री केली, चौथ्यांदा बायकोकडून वाचून घेतलं आणि गेम बंद केला. निवड अचूक ठरली होती.

काटेकोरने शेवटी नेमकं कोणतं कार्ड घेतलं, याचा उल्लेख वर मुद्दाम टाळला आहे. ज्या वाचकांना हे मघापासून खटकतंय, त्यांनी संकोच करू नये. 'हुशार खरेदी'त अजून जागा आहे. दरम्यान तुमच्या एखाद्या माणसाचा फोन येऊन गेला असेल, तर त्याला सवडीने करता येईल. आधी कार्डाचं काय ते नक्की होऊ द्या.