सात नंबरची बस थांबत नसते

मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा डोरीनबाई पेल्कींना पहिली काळजी लागली ती बसची. पोरं घरी बसली तर बसतील. पण बस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि ड्रायव्हरचा तोरा त्याच्याही आधी उतरतो. म्हणून जिल्ह्यातल्या शाळांचे मोठे साहेब, डॉक्टर विटकोम, यांनी त्यांना बोलावून "तुमची सात नंबरची बस लागणार आहे" असं सांगितलं, तेव्हा बाईंनी तिथल्या तिथे पर्समधून किल्ली काढली.

"चालवायची नाहीये, डोरीन," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "उभी करायची आहे."

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरांत टॅनब्रुक गावापर्यंत इंटरनेट कधी पोचलंच नव्हतं. टेलिफोनवाल्यांना विचारलं की ते "पुढच्या वर्षी" म्हणायचे, आणि ते पुढचं वर्ष दर वर्षी पुढे जायचं. आता तर सगळी शाळाच इंटरनेटवर गेलेली. तेव्हा डॉक्टरांनी शक्कल काढली. बसच्या टपावर मोबाइलच्या रेंजवर चालणारा वाय-फायचा डबा बसवायचा, बस गावात उभी करायची आणि आईबापांनी पोरांना मोटारीत घालून बसभोवती आणून बसवायचं. पोरं मोटारीत, मास्तर पडद्यावर आणि मध्ये बस. मात्र बसच्या आत एकाही मुलानं पाऊल टाकायचं नाही, असा साथीचा नियम होता. डबा चालायचा इंजिन चालू असेपर्यंतच, म्हणून ड्रायव्हरही जागेवर हवा.

रेंजचा शोध घेत घेत सगळे आगीच्या बंबखान्याशी आले. तिथे ती उत्तम मिळाली, पण अगदी दारात.

"आणि बंब बाहेर काढायचा झाला तर?" बाईंनी विचारलं.

"वर्षातून एकदोनदा निघतो तो. तेव्हाचं तेव्हा बघू," डॉक्टर म्हणाले. मोठ्या साहेबांना पुढचं दिसतं ते असं.

तेव्हापासून डोरीनबाई रोज सकाळी बंबखान्यासमोर इंजिन चालू करून अंड्यांवरच्या कोंबडीसारख्या बसून असत. त्यांचा जीव विटून गेला. त्यांच्या बसची सगळ्या खोऱ्यात कीर्ती होती ती एकाच गोष्टीसाठी: ती कुणासाठी थांबत नसे. ठरल्या वेळी दार उघडायचं, ठरल्या वेळी लागायचं. ज्याचा पाय खाली राहिला तो खालीच राहिला. कुणी रडलं, कुणाच्या आईनं गाऊनवर धावत येऊन हात जोडले, तरी बाईंचं उत्तर ठरलेलं: "बस थांबत नसते."

या वाक्याचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळाला होता मार्नी लाफाउंटनला. मार्नीच्या घरी गाई. सकाळी कुठलं तरी वासरू कुंपणाबाहेर जाई आणि बालवाडीपासून बारावीपर्यंत मार्नीला एका मिनिटाचा उशीर होई. बाईंनी तिचं तोंड पाहिलं होतं त्याहून जास्त वेळा मागच्या आरशात तिचं धावणं पाहिलं होतं. पोरगी मात्र चिवट. बस चुकली की आजोबांच्या पिकअपमधून शाळेत पोचायची आणि दुपारी परतताना बाईंना "थँक यू, मिसेस पेल्की" म्हणूनच उतरायची. बाईंना त्या थँक यूचा फार राग येई. का येई, ते त्यांनी कधी नीट तपासलं नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी मार्नीचा रसायनशास्त्राचा पेपर होता. साऱ्या देशातल्या पोरांनी एकाच वेळी आपापल्या घरून द्यायचा. मार्नीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि कॉलेजातली तिची जागा या एका पेपरावर अडली होती. नेट गेलं आणि लवकर परत आलं नाही, तर पेपर आपोआप बंद होणार होता आणि पुन्हा मिळणार नव्हता. आजोबांनी म्हणजे पर्लींनी पिकअप बसला अगदी खेटून लावली होती. खिडकीतून मार्नीचा पांढराफटक चेहरा दिसत होता.

"मिसेस पेल्की, बस हलणार नाही ना?"

"दोन महिने झाले, हललीय का?" बाई वैतागून म्हणाल्या. "आज कशाला हलेल? लिही निवांत."

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, बंबखान्याचा भोंगा वाजला.

झालं होतं ते दर वसंतात होतं तेच. म्हाताऱ्या स्टिकनीनं अंगणातला पालापाचोळा पेटवला होता आणि आता ते सगळं कोठाराच्या दिशेनं निघालं होतं. बंबावर जाणारी माणसं गावातलीच, हौशी. कुणी दुकानातून धावत आला, कुणी ट्रॅक्टरवरून उडी टाकून. निम्मे तर तिथेच पोरांबरोबर मोटारीत बसले होते. मार्नीचा बाप त्यांचा म्होरक्या.

"डोरीन! बस काढ!"

"पोरीचा पेपर चाललाय, रे! तुझ्याच पोरीचा!"

"आणि स्टिकनीचं कोठार जळतंय!"

बाईंनी गिअर टाकला. त्यांचा विचार साधा होता: बस चार पावलं पुढे घ्यायची, बंब गेला की मागे आणायची. पण बंबवाल्यांनी आपल्या गाड्या जिथे सुचेल तिथे टाकल्या होत्या, काहींची तर दारंसुद्धा उघडी. मागे यायला वाट उरली नाही. वळवावी म्हटलं तर चर्चच्या आवाराला साखळी. एवढं मोठं धूड वळवायला त्या रस्त्यावर एकच जागा होती, टेकडीपलीकडची खडीची खाण.

"पर्ली!" बाई खिडकीतून ओरडल्या. "माझ्या शेपटीला चिकटून ये! सुटू नकोस!"

पर्ली चिकटले. पण शाळा काय एकट्या मार्नीची होती? तिसरीतल्यांचं गणित चालू होतं, सातवीतल्यांचा इतिहास. वाय-फाय निघालं हे पाहून बाकीच्या आयांनीही गाड्या सुरू केल्या. बाईंनी आरशात पाहिलं तर मागे सगळी वरात. पुढे पिवळी बस आणि मागे मोटारींची रांग, आत पडद्यांना डोळे लावून बसलेली पोरं. दोन महिन्यांनी पायाखाली रस्ता आला होता. खरं सांगायचं तर, अशा वेळीसुद्धा बाईंना बरं वाटलं.

आता त्या दिवसांत मोटारींची रांग गावातून निघाली की लोक एकच अर्थ काढत. माणसांना एकत्र जमायची बंदी, त्यामुळे कुणाचा वाढदिवस असो, कुणी मास्तर निवृत्त होवो, गाव मोटारीत बसून मिरवणूक काढी. दुसरी करमणूक उरलीच नव्हती. पहिल्या घराच्या ओसरीवर मिसेस स्टोन बाहेर आल्या आणि पातेलं बडवू लागल्या. शेजारच्यांनी गाईची घंटा काढली. कुणी तरी चर्चची घंटा वाजवली.

"अभिनंदन!" लोक ओरडत होते. "कुणाचं आहे?"

कुणाचं आहे हे कळायची कुणी वाट पाहिली नाही. जो तो आपली गाडी काढून रांगेत शिरला आणि हॉर्न वाजवू लागला. वरात मुंगीच्या पावलांनी सरकतेय तोवर स्टिकनीचं कोठार वाचवून बंब परतला, तर गावात मिरवणूक! बंबवालेही मागे लागले, आणि मिरवणुकीत मुकं कसं जायचं म्हणून भोंगा चालू केला.

या सगळ्या गदारोळात पिकअपमध्ये मार्नी आम्ल आणि अल्कलीचा हिशेब मांडत होती.

"आजोबा, जवळ घ्या! नेट जातंय!"

"अगं, आणखी जवळ घेतली तर बसमध्येच शिरू!"

नदीकाठच्या खोलगट भागात रेंज गेली. मार्नीच्या पडद्यावर ते वाट पाहायला लावणारं चक्र गोल गोल फिरायला लागलं. चढ लागला तशी रेंज परत आली. पण बाईंना धास्ती होती ती पुढची. टेकडीचा माथा ओलांडला की खाणीपर्यंत नुसती दरी. तिथे बसचा रेडिओसुद्धा मेल्यासारखा पडायचा. म्हणजे थांबायचं तर माथ्यावरच.

माथ्यावर रस्ता अरुंद, दोन्हीकडे चर आणि झाडी. तिथे बस उभी करायला कायद्यानं एकच कारण चालतं: मूल चढत असेल किंवा उतरत असेल. आणि मूल चढवायला साथीच्या नियमानं बंदी. डोरीनबाईंनी जन्मात एकही नियम मोडला नव्हता, आज तर दोन समोरासमोर उभे होते. बाईंनी आरशात पाहिलं. पिकअपच्या काचेतून मार्नी दोन्ही हात हलवत होती. आरशातली ती पोरगी बाईंना फार ओळखीची होती.

बाईंनी आधी पिवळे दिवे लावले, मग लाल. बसच्या कुशीतून थांबण्याचा लाल फलक बाहेर आला. शाळेच्या बसच्या लाल दिव्यांपुढे त्या देशात दोन्ही बाजूंचे भलेभले थांबतात. मागची मिरवणूक जागच्या जागी थांबली. समोरून येणारी एक राखाडी मोटारही थांबली.

दार उघडलं. "मार्नी! लॅपटॉप घेऊन ये!"

मार्नी धावत आली. बसकडे धावतेय आणि बस जागेवर आहे, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"आत येऊ?"

"आत नाही! नियम आहे. खालच्या पायरीवर टेक. एक पाय पायरीवर. दुसरा जमिनीवर राहू दे. हां. आता तू चढते आहेस."

"चढतेय?"

"चढतेस. आणि चढता चढता लिही. घाई करू नकोस."

मार्नी लिहू लागली. मे महिन्यातल्या चावऱ्या काळ्या माश्या तिच्यावर तुटून पडल्या, तसे पर्ली मास्क नाकावर ओढून हात लांब करून तिच्या डोक्यावर टोपीनं वारा घालत उभे राहिले. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला. बाईंनी आपली जुनी शिट्टी काढून अशी फुंकली, की मिरवणुकीतल्या चाळिशीच्या बाप्यांनीसुद्धा शाळेच्या सवयीनं हात मांडीवर ठेवले.

तेवढ्यात राखाडी मोटारीचं दार उघडलं. आतून डॉक्टर विटकोम उतरले. शाळा-मंडळाची बैठक पडद्यावर चालू होती आणि ऐन भाषणात पलीकडच्या गावातल्या त्यांच्या घरचं नेट गेलं होतं. म्हणून ते गुपचूप बंबखान्याकडे निघाले होते, आपल्याच बसचं वाय-फाय घ्यायला.

"डोरीन! बस इथे काय करतेय?"

"गाडीत बसा, डॉक्टर. लाल दिवा आहे."

"पण मूल कुठाय?"

"चढतंय."

डॉक्टरांनी पायरीकडे पाहिलं. "ती बसलीय!"

"सावकाश चढते. बालवाडीपासूनची सवय आहे तिला."

डॉक्टर काही बोलणार, इतक्यात त्यांच्या हातातला फोन टिंग करून जागा झाला. बसची रेंज लागली होती. "डॉक्टर विटकोम, दिसताय आता तुम्ही! बोला!" असा आवाज आला. डॉक्टरांनी टाय नीट केला, मुकाट्यानं मोटारीत जाऊन बसले आणि जिल्ह्यात घरबसल्या शिक्षण किती सुरळीत चाललंय ते सांगू लागले.

"चढ, मार्नी, चढ!" बंबाच्या टपावरून तिचा बाप ओरडला. "सावकाश चढ!"

मार्नीनं शेवटचं उत्तर लिहिलं आणि बटण दाबलं.

"गेला!" ती किंचाळली. "पेपर गेला, मिसेस पेल्की! पोचला!"

पर्लींनी टोपी हवेत उडवली, ती चरात जाऊन पडली. रांगेला कशाचं ते ठाऊक नव्हतं, तरी तिनं सगळे हॉर्न एकदम वाजवले. या खेपेला बाईंनी शिट्टी मारली नाही. त्यांनी ती गुपचूप पर्समध्ये टाकली.

मार्नी पायरीवरून उठली. डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबलात."

"मी? छे! मूल चढत होतं. कायदा आहे तो." बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "चढून झालं असेल तर उतर आता."

"थँक यू, मिसेस पेल्की."

या खेपेस त्या शब्दांचा राग आला नाही. बाईंनी घाईघाईनं लाल दिवे बंद केले, फलक आत घेतला आणि गिअर टाकला.

"डोरीन! डोरीन!" राखाडी मोटारीच्या खिडकीतून डॉक्टरांचा हात हलू लागला. "एकच मिनिट! माझं शेवटचं वाक्य राहिलंय!"

बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. "कुणी चढतंय का?"

"नाही, पण..."

"मग बस थांबत नसते, डॉक्टर."

आणि सात नंबर टेकडी उतरू लागली. मागोमाग पिकअप, मोटारी, बंब. खाणीवर वळून सगळी वरात परत गावात शिरली, तेव्हा मिसेस स्टोन अजून पातेलं बडवतच होत्या. बाईंनी आरशात पाहिलं. रांगेच्या अगदी शेवटी, बंबाच्याही मागे, बसची रेंज गाठायला धडपडणारी एक राखाडी मोटार येत होती. ओसरीवरचे लोक तिला बघून ओरडत होते, "अभिनंदन!" डॉक्टर मोठे सभ्य गृहस्थ. एका हातात मेलेला फोन आणि गाडीचं स्टिअरिंग दोन्ही सांभाळत, दुसरा हात बाहेर काढून ते प्रत्येकाचं अभिनंदन स्वीकारत होते.